पेटीआजोबांनी अडवलेल्या दोन ओळी

वाडीच्या थोरल्या मावशीला, माक लोंग जावियाला, संगणक सुरू करायचा असला की ती आधी भात चढवायची. तांदळाला उकळी फुटली की मागच्या खोलीत जाऊन बटण दाबायचं. मग इकडे भात वाफ धरेपर्यंत तिकडे यंत्र खोकत, घरघरत, मधेच दम खात एकदाचं जागं व्हायचं. कधी भात आधी व्हायचा, कधी यंत्र. यंत्र आधी झालं तर जाविया त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायची, "आज तब्येत खूश दिसते म्हाताऱ्याची."

तेरुम्बू बेटावरच्या बायकांनी त्याचं नाव पेटीआजोबा ठेवलं होतं. ढेरपोट्या पडदा, चहात बुडवून काढल्यासारखा पिवळा कळफलक, डोक्यावर जावियाने विणलेला क्रोशाचा रुमाल, आणि आतल्या उबेला सोकावलेली एक पाल. जावियाचा मुलगा बाताम शहरात नोकरीला लागला तेव्हा तिथल्या कचेरीतून निघालेली ही पेटी त्याने होडीत घालून आईला आणून दिली होती. आई एकटी आहे, तिचं मन रमेल, एवढाच त्याचा हिशेब. मन एकटीचं नव्हे, अख्ख्या वाडीचं रमलं.

असरची, तिसऱ्या प्रहरची नमाज आटोपली की त्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे. कुणी सुपारी कातरतंय, कुणी मांडीवर नातवंड घेऊन बसलंय, कुणी माशाचं सारण नारळीच्या पानात दुमडतंय, आणि सगळ्यांचे डोळे पडद्यावर.

"आला का गं म्हातारा?" शेजारची रोकिया उंबऱ्यातूनच विचारायची.

म्हातारा म्हणजे पेटीआजोबा नव्हे. म्हातारा म्हणजे समोरच्या सेलिंसिंग बेटावरचा दाहारी.

जाविया आणि दाहारी यांचं वैर जुनं, दोघांचे केस काळे होते तेव्हापासूनचं. तेरुम्बूची पोरगी सेलिंसिंगला द्यायची असली की वरपक्षाची वाट नवरीच्या दारात अडवली जाते. दारात कापड आडवं धरतात, आणि पंतुनाला, त्या चार ओळींच्या यमकाला, पंतुनानेच उत्तर दिल्याशिवाय नवरदेवाला आत पाऊल टाकता येत नाही. कापडाच्या अलीकडे जाविया, पलीकडे दाहारी. नवरा घामाने भिजायचा, नवरी आत कंटाळून पेंगायची, पुलाव गार व्हायचा, आणि या दोघांचं चालूच. शेवटी कुणीतरी वडीलधारं माणूस कापड खाली ओढायचं. हरलं मात्र कधीच कुणी नाही.

पण लग्नं काय रोज होत नाहीत. म्हणून शहरातल्या कुणा हौशी मंडळींनी वेबवर पंतुनांची चावडी मांडली तेव्हा दोघांनी तिथे आपापसात एक ओटा अडवला. त्याने आज टाकायचं, तिने उद्या उत्तर द्यायचं. बोलताना एकमेकांना तुम्ही म्हणणारी ही माणसं पंतुनात तू-तू करत एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढत. अकरा वर्षं झाली, ओटा कधी रिकामा राहिला नव्हता. नियम लग्नाच्या दारातलेच: पुढच्या जुम्म्याच्या नमाजेपर्यंत उत्तर गेलं नाही, की हरला. आणि समोरच्याला "पुन्हा म्हण" असं म्हटलं, की तिथल्या तिथे हरला. ज्याला ऐकू आलं नाही, त्याने गप्प घरी जावं.

त्या दिवशी भात आणि यंत्र एकदमच झाले. चावडीचं पान उघडायला लागलं. तेरुम्बूवर वेब म्हणजे चिंचोळ्या नळीतून येणारं पाणी. ओळी एकेक करून उतरायच्या. जावियाने चष्मा लावला आणि लग्नाच्या दारात लावायची ती ठेवणीतली आवाजाची पट्टी लावली:

"लवंग वाळली अंगणभर, वास पोचला दारी..."

"हं!" बायकांनी ठेका धरला.

"पाणी गेलं ओसरून, उघडा पडला घाट..."

"पुढे?"

पुढे काही नाही. पेटीआजोबांनी एक खोल उसासा टाकला. पान पांढरं झालं. मग त्या पांढऱ्यावर एक वाक्य आलं: हे पान दाखवता येत नाही.

"म्हणजे काय?" रोकिया ओरडली. "अर्ध्यात? दाखवता येत नाही म्हणजे? असं काय अचकटविचकट लिहिलंय त्याने?"

ज्यांनी पंतून कधी ऐकला नाही त्यांना यातली तगमग कळायची नाही. पंतुनाच्या पहिल्या दोन ओळी नुसत्या सावलीच्या. त्यांत झाड असतं, पाखरू असतं, होडी असते. ऐकणाऱ्याचा कान तयार व्हावा, एवढंच त्यांचं काम. मनातलं सगळं असतं ते मागच्या दोन ओळींत. आणि त्या मागच्या ओळी पहिल्यांचं यमक धरूनच चालतात. दाहारीचं अंगण आलं होतं, घाट आला होता, लवंगेचा वास आला होता. दाहारीचं मन तेवढं वाटेत राहिलं होतं.

जावियाची भाची झुरीना बेटावरच्या शाळेत संगणक शिकवायची. तिला वर्गातून उठवून आणलं. तिने पेटीच्या मागच्या तारा काढल्या, फुंकल्या, परत लावल्या. घड्याळ मागे पडलंय का बघितलं. पडलं होतं, वीस वर्षं मागे. ते पुढे आणलं. पान पांढरंच. मग नवा ब्राउझर घालून पाहिला. पेटीआजोबांनी तो तोंडात घेतला, चघळला, आणि बाहेर टाकला.

"माक लोंग," झुरीना कपाळावरचा घाम पुसत म्हणाली, "चावडीवाल्यांनी घर बदललंय. नव्या घराला नवी कुलपं लावलीत, सुरक्षेसाठी. तुमच्या पेटीकडे त्या कुलपांना लागणारी किल्ली नाही, आणि नवी किल्ली हिच्या खिशात मावत नाही. बाकी सगळं करेल ती. लिहील, गाणी वाजवेल, पत्ते खेळेल. पण बाहेरचं जग आता तिला दिसायचं नाही."

"आंधळी झाली?"

"आंधळी नाही हो. जगाने दारं बदलली."

"मग तुझ्या मोबाईलवर उघड की!" रोकिया म्हणाली. "हातात धरून उभी राहिलीस ते काय नवऱ्याचा फोटो बघायला?"

झुरीनाने मोबाईलवर चावडी उघडली. उघडली! नवं दार, नवा रंग, वर गोंडे. सगळ्यांनी माना घुसवल्या. आणि दाराने परवलीचा शब्द विचारला.

सगळ्यांनी जावियाकडे पाहिलं.

"मला काय माहीत?" जाविया म्हणाली. "अकरा वर्षांत मी कधी शब्द दिला नाही. पेटी आपली आपण आत जायची."

शब्द पेटीच्या पोटात होता आणि पेटी ओठ मिटून बसली होती. झुरीनाने पोटात हात घालून पाहिला, पण हाती नुसते ठिपके लागले. शब्द विसरला तर नवा पाठवायचा तो ज्या पत्त्यावर, तो मुलाने काढून दिलेला. तो न वापरल्यामुळे केव्हाच बंद झालेला. नव्याने सभासद व्हावं, तर चावडीवाले सवडीने होकार देणार आणि नवख्याला जुने ओटे दिसत नाहीत. तरी रोकियाला राहवेना. तिने झुरीनाच्या हातून मोबाईल ओढला आणि अंदाजाने शब्द ठोकले: कोंबडी. सुपारी. दाहारी.

तिसऱ्या शब्दाला दाराने कायमची कडी घातली.

"दाहारी लिहिलंस?" जाविया फणकारली. "माझ्या दाराला त्याचं नाव कशाला असेल?"

"मला वाटलं, असेल," रोकिया खाली बघत म्हणाली, पण तिचे खांदे हसण्याने हलत होते.

आता उरला एकच मार्ग, आणि तो बंद होता. दाहारीला फोन करणं. त्याला, त्याच्या सुनेला, सेलिंसिंगच्या कुणालाही विचारणं म्हणजे "पुन्हा म्हण" म्हणणंच. तीस-पस्तीस लग्नांत जे झालं नव्हतं ते एका पांढऱ्या पानापायी होऊ द्यायचं? जुम्मा तर तोंडावर आलेला.

"विचारायचं नाही," सगळ्यांत म्हाताऱ्या नेक बेदाने सुपारीचा तुकडा गालात सरकवत निवाडा दिला. "ओळखायचं. यमक आपल्याकडे आहे ना? दारी आणि घाट. त्यावरून चालत जाऊ, म्हातारा कुठे ना कुठे सापडेलच."

आणि मग तेरुम्बूवर असे काही दिवस आले की तसे ना ईदला आले, ना शर्यतीच्या होड्या सुटतात तेव्हा आले. जो तो तोंडाने दारी-घाट, दारी-घाट करत फिरू लागला. विहिरीवर, वाळवणाशी, मासळीच्या टोपल्यांभोवती, जिथे दोन डोकी भेटतील तिथे दाहारीच्या मागच्या दोन ओळी तयार होऊ लागल्या. दुकानदाराने फळ्यावर साखरेचा भाव पुसून तिथे पंतून लिहायला मुभा दिली. मशिदीच्या पायऱ्यांवर पुरुष मंडळी, आपल्याला काय त्याचं, असं दाखवत यमकं जुळवत होती.

अतान होडीवाल्याचं म्हणणं, दाहारीने नेहमीसारखी टर उडवली असणार:

"आवाज तुझा ऐकून पळते कोंबडी बिचारी,
अंडी सोडून तिने धरली रानामधली वाट."

नेक बेदाने मान हलवली. तिच्या वयाला वेगळंच ऐकू येत होतं. "लवंग वाळली, पाणी ओसरलं, घाट उघडा पडला... हे निरोपाचं बोलणं आहे गं. दुखणाईत असेल." आणि तिने थरथरत्या आवाजात म्हटलं:

"पैलतीराची हाक आली, बांधून ठेवली तयारी,
तुझ्या एका ओळीपाशी अडली माझी वाट."

जावियाच्या हातातला अडकित्ता थांबला.

"काहीतरीच काय नेक बेदा!" रोकिया उसळली. "मागच्या महिन्यात अतानने त्याला डोक्यावर फळी घेऊन धावताना बघितलाय. मी सांगते काय लिहिलंय ते. बाई विधवा, बाप्या विधुर, अकरा वर्षं रोज एकमेकांना लिहितात, आणि तुम्हाला कोंबड्या सुचतात? ऐका:

एकट्याच्या चुलीपाशी थंड पडते न्याहारी,
तुझ्या नावाचं मांडून बसतो रोज एक ताट."

खोलीत असा गलका झाला की पेटीआजोबांतली पाल बाहेर येऊन भिंतीवर चढली. "बसलं! बसलं!" बायका ओरडत होत्या. न्याहारीने दारीला मिठी मारली होती, ताट घाटावर जाऊन बसलं होतं. इतकं नेमकं बसलं की ते रोकियाने रचलंय हे कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी अख्खं बेट ते दाहारीचं म्हणून म्हणत होतं. रोकियाने मागणीच्या विड्याचं पितळी तबक चिंचेने घासायला काढलं.

आपल्या माणसांची ही जुनी खोड: यमक जुळलं की गोष्ट खरी.

जाविया मात्र पेटीसमोर बसून राहिली. रोज ती भात चढवत होती, बटण दाबत होती, पांढरं पान बघत होती. काळजात एकदम ढोल वाजायचे आणि एकदम थांबायचे. दाहारीने खरंच ताट मांडलं असेल तर? नाही म्हटलं, तर तो पुन्हा कशाला लिहील? हो म्हटलं, तर तो समोर बसून भात खाईल, मिठाबद्दल कुरकुर करेल, आणि लग्नाच्या दारात कापडाच्या पलीकडे उभं राहायला कुणी उरणार नाही.

"नवरा-बायकोत पंतून होत नाहीत," ती झुरीनाला म्हणाली. "नुसती भांडणं होतात."

"मग नकोय तुम्हाला?"

"मला काय हवंय ते सांगू? सकाळी उठल्यावर कुणीतरी माझ्यावर एक ओळ उगारून बसलेलं असावं. दिवसभर मी तिचा विचार करावा, मासे साफ करताना, केर काढताना. बास. एवढंच चालत राहावं. उत्तर देणाराच नसला तर मी पंतून म्हणू कुणाला, या पालीला?"

झुरीना हसली. मग हसायची थांबली. मावशीच्या डोळ्यांत पांढऱ्या पडद्याचा उजेड पडला होता.

जुम्म्याच्या आदल्या सकाळी जाविया उठली ती ठरवूनच. जे दिसलं नाही त्याला उत्तर द्यायचं तरी कसं? पण नियमांत एक वाट होती, जुनी, क्वचित कुणी चाललेली. अर्धा पंतून. पहिल्या दोन ओळी म्हणायच्या आणि थांबायचं. त्याचा अर्थ: उरलेलं तू माझ्या दाराशी येऊन पुरं कर. हे उत्तर धरलं जातं, हार नव्हे. पण पुरा करायला तो येणार, आणि मग सगळं तोंडावर बोललं जाणार, हेही त्यात आलंच.

तिने पेटीवर त्या दोन ओळी टंकल्या. बाहेरचं दिसत नसलं तरी लिहिण्यात पेटी तरबेज. अक्षर अक्षर पडद्यावर उमटलं, तिने चार वेळा मोठ्याने वाचून तोललं, मग धक्क्यावर जाऊन अतानला तोंडपाठ करवलं.

"बगळा बसला खुंटावरती, मासा खाली चतुर,
सागू शिजतो चुलीवरती, वाफ लागली फिरू."

"आणि पुढे?" अतानने विचारलं.

"पुढे तुझं इंजिन. सुट."

अतान विसरभोळा, त्यालाही ते ठाऊक होतं. म्हणून तो वाटभर इंजिनाच्या ठोक्यावर मोठमोठ्याने म्हणत गेला. पोम-पोम, बगळा बसला, पोम-पोम, मासा चतुर. होडीतली माणसं म्हणू लागली, वाटेतल्या मासेमारांनी उचललं, आणि होडी सेलिंसिंगला लागेपर्यंत दाहारी सोडून सगळ्यांना कळलं होतं की तेरुम्बूच्या जावियाने अर्धा पंतून धाडलाय. दाहारीला सगळ्यांत शेवटी कळलं, पण एकदम साठ तोंडांनी.

"काय म्हणाला?" अतान परतला तेव्हा धक्क्यावर बायकांनी त्याला दोर बांधायचीही उसंत दिली नाही.

"काही नाही म्हणाला. लाल झाला. मग धावत घरात गेला. मग बाहेर येऊन म्हणाला, उद्या सकाळी येतो म्हणावं."

"लाल झाला!" रोकियाने हे दोनच शब्द घेतले आणि घरोघर वाटले.

जुम्म्याची सकाळ निळी, घासून पुसून ठेवल्यासारखी उजाडली. धक्क्यावर इतकी माणसं जमली की जुन्या फळ्या करकरू लागल्या. रोकियाचं पितळी तबक सूर्याशी स्पर्धा करत होतं. नेक बेदाला खुर्चीसकट उचलून आणलं होतं. जाविया आली ती लग्नाच्या दारातली हिरवी ओढणी घेऊन. सकाळी तिने आधी रोजची तपकिरी घेतली होती, मग ती सोडून हिरवी, मग हिरवी सोडून तपकिरी, मग स्वतःवरच चिडून पुन्हा हिरवी.

"हिरवी!" रोकिया कुजबुजली.

"ऊन लागतं म्हणून," जाविया म्हणाली.

दाहारीची होडी दिसली. होडीत दाहारी उभा, किडकिडीत, पांढऱ्या मिशांचा, नवा सारोंग नेसलेला. आणि त्याच्या पायाशी दुसऱ्या एका सारोंगात बांधलेलं एक भलंमोठं गाठोडं.

"काय आणलंय गं?"

"मागणीचा नजराणा!"

"एवढा मोठा? अगं, शिवणयंत्र असेल!"

होडी पायऱ्यांना लागली. जाविया पुढे झाली आणि तिने ओढणीचं टोक झुरीनाच्या हाती देऊन पायऱ्यांवर आडवं धरलं. लाटा तेवढ्या खांबांशी बोलत होत्या.

दाहारीने घसा साफ केला. त्याचा तो आवाज, एवढ्याशा छातीत मावतो कसा याचं दरवेळी नवल वाटावं असा, पाण्यावरून आला:

"बगळा बसला खुंटावरती, मासा खाली चतुर,
सागू शिजतो चुलीवरती, वाफ लागली फिरू;
गप्प राहिलो मी तिकडे, जीव तरी आतुर,
धक्क्यावरती पाय ठेवू दे, भांडण करू सुरू."

धक्का डोलला. टाळ्या, शिट्ट्या, डब्यांवर थापा. जावियाच्या छातीतले ढोल आता तिला लपवता येईनात. भांडण करू सुरू! ताट नाही, निरोप नाही. भांडण. तिला एकदम इतकं हलकं वाटलं की ओढणी धरली नसती तर तरंगली असती. पण लगेच मनात आलं: गप्प राहिलो, असं का म्हणाला हा?

दाहारीने मात्र पाय उचलला नव्हता. तो खाली वाकला, त्याने गाठोड्याची गाठ सोडली. सारोंग बाजूला झाला. आत एक ढेरपोट्या पडदा होता आणि एक पिवळी पडलेली पेटी.

"शिवणयंत्र नाही," कुणीतरी हळूच म्हणालं.

"जावियाबाई," दाहारी आता साध्या आवाजात, तुम्ही-आम्हीवर येऊन म्हणाला, "एवढ्या लोकांसमोर सांगतो. त्या दिवशी मी पंतून टाकला आणि त्याच संध्याकाळी माझ्या या म्हातारीने चावडी दाखवणं बंद केलं. तुम्ही काय उत्तर दिलंत ते मला दिसलं नाही. रोज तिच्यासमोर बसतो, पांढरं पान बघतो. तुमचा अर्धा पंतून आला तेव्हा मला वाटलं, तुमच्या उत्तरावर मी गप्प राहिलो म्हणून तुम्ही मला दारात बोलावताय." त्याने श्वास घेतला. "म्हणून म्हणतो. पुन्हा म्हणा."

धक्क्यावर सगळ्यांनी आधी एकमेकांकडे पाहिलं. मग स्फोट झाला.

"हरला! दाहारी हरला!" अतानने टोपी उडवली. "तेरुम्बू जिंकलं!" दुकानदार पोरासारखा नाचायला लागला. पस्तीस लग्नांत कापड ओढून ओढून थांबवलेली लढाई, आणि आज ती अशी, भर सकाळी, त्याच्याच तोंडून. रोकियाने तबक खाली ठेवून जावियाला मिठीच मारली.

जाविया हलली नाही. तिच्यासमोर तो उभा होता, अकरा वर्षांचं बोलणं गाठोड्यात बांधून आणलेला, होडीत, पाय पाण्यात भिजलेले. गप्प राहिलं की झालं. बेट जिंकलं होतं. आणि हरलेला माणूस उद्यापासून ओळ उगारायचा नाही, हेही तिला माहीत होतं.

तिने हात वर केला. गलका हळूहळू बसला.

"तुम्हीही पुन्हा म्हणा," ती म्हणाली.

"काय?"

"तुमचा पंतून. मला घाटापर्यंतच दिसला. पुढचं माझ्या म्हाताऱ्याने गिळलं. मी उत्तर दिलेलंच नाही. मीही हरले."

दाहारी तिच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या मिशांच्या टोकांपासून हसू सुरू झालं आणि पोटापर्यंत गेलं, आणि जावियाला ते लागलं, आणि दोघं म्हातारी माणसं ओढणीच्या दोन बाजूंना वाकून वाकून हसू लागली. नेक बेदाने खुर्चीतून ओरडून निवाडा दिला: "दोघं हरली की कुणीच हरलं नाही! कापड काढा गं, मला ऊन लागतंय!"

पण दाहारीने काढू दिलं नाही. आधी पंतून. तो ताठ झाला:

"लवंग वाळली अंगणभर, वास पोचला दारी,
पाणी गेलं ओसरून, उघडा पडला घाट;
पेटी माझी थकली आता, कवाडं मिटती सारी,
तुझी अजून जागी कशी? दाव मलाही वाट."

"एवढंच?" रोकिया म्हणाली. "पेटीबद्दल?" तिने तबकातल्या विड्याकडे पाहिलं, एक उचलला आणि स्वतःच्याच तोंडात टाकला. "माझं यमक जास्त चांगलं होतं."

नमाज झाल्यावर दुपारी जावियाच्या मागच्या खोलीत दोन म्हाताऱ्या पेट्या शेजारी शेजारी मांडल्या. खोलीत माणसं, ओसरीत माणसं, खिडकीला लोंबकळलेली माणसं. झुरीनाने दोघींची पोटं तपासली आणि ती एकदम टाळी वाजवून उठली.

"एका वयाच्या आहेत! यांना जग कळत नाही, पण एकमेकींचं सगळं कळतं."

तिने पर्समधून अंगठ्याएवढा पेन ड्राईव्ह काढला. जावियाच्या पेटीवर लिहिलेलं त्यात घेतलं, तो दाहारीच्या पेटीत खुपसला. दाहारीची पेटी खोकली, घरघरली, आणि तिच्या पडद्यावर बगळा येऊन खुंटावर बसला.

"आला!" सगळे एकदम ओरडले, जणू काही मुलगा झाला.

"आता चावडी नको, कुलूप नको, परवली नको," झुरीना म्हणाली. "अतान रोज दोन फेऱ्या मारतोच. जाताना उत्तर नेईल, येताना प्रश्न आणेल."

अतानने त्यासाठी आपला तंबाखूचा पत्र्याचा डबा घासून दिला. आणि विसरायचं काही उरलं नाही म्हणून तो थोडा हिरमुसलाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जावियाने भात चढवला, बटण दाबलं. होडीचा पोम-पोम आवाज आला तेव्हा उकळी फुटत होती. अतान धावतच आला, डबा उघडला, झुरीनाने ड्राईव्ह पेटीत खुपसला. आजोबांनी दम खाल्ला, आणि एकाही ओळीत न अडखळता पान पुरं उघडलं. चारच्या चार ओळी, काळ्याभोर, ठसठशीत.

जावियाने चष्मा लावला.

"केवड्याच्या बनामागे चंद्र अडकून बसला..."

"हं!"

"शिंपल्यांची ओंजळ ठेवून माघारी फिरली लाट..."

"हं! हं!"

"उत्तर तुझं आलं नाही की दिवस वाटतो फसला..."

आणि ती थांबली. तिचे ओठ चौथ्या ओळीवरून एकदा आवाज न करता फिरले. मग तिने हात लांब करून क्रोशाचा रुमाल पेटीच्या डोक्यावरून ओढला, तो थेट पडद्यावर.

"अगं! चौथी?" बायका उठल्याच. "चौथी वाच ना!"

"चौथी माझी."

"लाट!" रोकिया किंचाळली. "लाटेला काय जुळतं? ताट! ताटच आहे गं! माझी ओळ चोरली म्हाताऱ्याने!"

"कुणी सांगितलं त्याला?" जावियाने अतानकडे वळून बघितलं. अतान खिडकीतून समुद्राचा अंदाज घेऊ लागला.

"माक लोंग," झुरीना हसू दाबत म्हणाली, "नवरा-बायकोत पंतून होत नाहीत म्हणालात ना?"

"भांडणं होतात म्हणाले होते," जाविया म्हणाली. तिचे कान हिरव्या ओढणीच्या कडेखाली लाल झाले होते. तिने कळफलक पुढे ओढला, रुमाल बोटभर उचलला, एकटीला दिसेल इतकाच, आणि पुन्हा एकदा वाचलं.

"अतान, परतीची होडी केव्हा सुटते?"

"आत्ता निघालोच होतो."

"निघू नकोस," जाविया म्हणाली, आणि चुलीवरच्या भाताला करपल्याचा वास सुटला तरी तिची बोटं कळफलकावरून उठली नाहीत.